विसावा निरोगी कुत्रा

३ मार्च
प्रबंध यंदा संपवायचाच. गाइड मॅडमना शब्द दिलाय, एप्रिलमध्ये हातात देतो. गेले तीन एप्रिल देतोच आहे. वीस आजारी कुत्री, वीस निरोगी. प्रत्येकाच्या नाकातला आणि कातडीवरचा नमुना दोनदा घ्यायचा, स्टॅफिलोकॉकस जंतू किती ते बघायचं. आजारी वीस झाली. निरोगी एकोणीस.

६ मार्च
विसावा घरातच सापडला! आमचा ढब्बू. वय नऊ, भूक दणदणीत. मुलगी म्हणाली, तो सारखा पोट खाजवतो. कुत्री खाजवतातच. नाकात कापसाची काडी घातली तरी हूं की चूं केलं नाही. रकाना: निरोगी. दुसरा नमुना २७ला.

९ मार्च
ढब्बूच्या नमुन्याच्या प्लेटवर जंतूंचं रान माजलंय. घाबरायचं कारण नाही. धडधाकट कुत्र्यांच्या अंगावरही हे जंतू सुखाने नांदतात. माझा मुद्दाच तो आहे.

१४ मार्च
पोटावर पुरळ, किंचित पू. मुलगी औषध द्या म्हणून मागे लागली. समजावलं की मधेच अँटिबायोटिक दिलं तर दुसरा नमुना बाद होईल. तिने विचारलं, "बाबा, तुम्ही कुत्र्यांचेच डॉक्टर ना?" हिला रिसर्च कळत नाही.
उद्यापासून त्याला रोज फिरायला नेणार.

१५ मार्च
नेलं नाही. पाय दुखत होता. माझा.

२१ मार्च
ढब्बू जेवला नाही. उकाडा फार.
मॅडमनी विचारलं, निरोगी कुत्री नीट तपासली ना. म्हणालो, एकूण एक, जातीने.

२६ मार्च, दुपारी
ढब्बूला उभं राहवेना. मुलीने उचलून गाडीत घातलं आणि थेट मॅडमकडे नेलं. मी मागून गेलो. मॅडम म्हणाल्या, जंतू रक्तात गेलेत. सलाइन लावलं. मी विचारलं, औषध उद्या नमुना घेतल्यावर सुरू केलं तर? मॅडमनी तेव्हाच अँटिबायोटिकची सुई टोचली.

२७ मार्च, सकाळी
ढब्बू गेला.
मला काहीच वाटत नाहीये. त्याचीच भीती वाटते.
मॅडमनी फाइल पुढे सरकवली. म्हणाल्या, "याला कुठल्या रकान्यात ठेवायचं, ते तूच लिही." खोडलं, आजारीत लिहिलं. निरोगी एकोणीस.
येताना मुलगी गाडीत मागे बसली, ढब्बूच्या जागेवर.
घरी आलो. ढब्बू बाहेर पळू नये म्हणून मी दार जरासंच उघडतो आणि फटीत पाय आडवा घालतो. आजही घातला.