इडवलचा बिल्ला

स्वॉन्झी, मार्च १९२१

प्रिय ग्वेनवहिनी,

आमची जुनी क्रूझर, युद्धातली आपली लढाऊ बोट, इथं भंगारात मोडायला आली आहे आणि मोडणाऱ्यांत मीही आहे. बॉयलरखोलीत उतरताना प्रत्येक जण दाराजवळच्या खिळ्यांच्या फळ्यावर आपला पितळी बिल्ला अडकवायचा आणि वर येताना काढून घ्यायचा. इडवल रोज ओरडायचा, "ट्यूडर, माझ्या बिल्ल्यावर लक्ष ठेव रे, नाहीतर ग्वेन दुसरा शोधेल!"

युद्धात त्या दिवशी बोटीखाली सुरुंग फुटला आणि पाणी चढू लागलं. फळा रिकामा दिसला, म्हणून बोट वाचवायला बॉयलरखोलीचं लोखंडी दार मीच लावलं. बंदराला लागेपर्यंत भगदाडातून आतलं सगळं समुद्रानं ओढून नेलं होतं. इडवल डेकवरून वाहून गेला, असं मी तुम्हाला सांगितलं. मलाही तसंच वाटत होतं.

आज तो फळा उखडला. मागच्या फटीत एक बिल्ला अडकला होता, धक्क्यानं खिळ्यावरून निसटलेला. त्यावर इडवलचा नंबर आहे.

वहिनी, दार लावल्यावर आतून ठोकल्याचा आवाज आला होता. फळा रिकामा आहे, म्हणजे कोळसाच आपटतोय, असं मी मनाला सांगितलं. आणि फळा रिकामा होता म्हणून दर रविवारी चॅपलमध्ये देवाचे आभार मानत आलो.

हे पत्र टपालात टाकायचं धैर्य मला होणार नाही. बिल्ला मात्र त्या उखडलेल्या फळ्यावर, इडवलच्या खिळ्यावर परत अडकवून आलो.

तुमच्या दारी यायला न धजावणारा,
ट्यूडर