भिंतीच्या अलीकडे

लुका, ३ ऑगस्ट १३३४

चि. लान्दोस ताईचे आशीर्वाद. जेनोव्याच्या उन्हात उघड्या डोक्यानं हिंडू नकोस.

आईचा ताप उतरत नाही. परवापासून बोलणंही बंद आहे. त्याआधी तिनं एकच सांगून ठेवलं: मला संत फ्रान्सिसच्या भिक्षूंच्या चर्चमध्ये पुरा, त्यांचाच राखी झगा घालून.

आपल्या पेठेतल्या चर्चचे फादर उगोलिनो दारातच म्हणाले, वर्षभर प्रवचनं त्या अनवाण्यांची ऐकलीत, आता मातीही त्यांच्याकडेच का? मी म्हटलं, फादर, पहिली प्रार्थना तुमच्याकडेच होईल. मग आत येऊन आईला अखेरचं तेल लावून गेले.

भिक्षू बोनाकोर्सो म्हणतात, चर्चच्या फरशीखाली दोन जागा आहेत. एक मधल्या भिंतीपलीकडे, वेदीजवळ. तिथं आम्हा बायकांना जाता येत नाही. दुसरी अलीकडे, प्रवचनाला आम्ही बसतो तिथं. घरातला पुरुष तू. काय करू, ते कळव.

ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी तेस्सा

जेनोवा, ९ ऑगस्ट

ती. ताईस लान्दोचा नमस्कार.

पत्र वाचून रडू आलं, पण मालक समोर होता. रेशमाचं जहाज भरतंय, निघता येत नाही.

जागा वेदीजवळचीच घे. तिला दाराशी पुरलंस तर पेठेत म्हणतील, लान्दोनं आईला ओसरीवर ठेवलं. तुला काय, प्रार्थना भिंतीतूनही पोचते. आणि भिक्षूंना फार भंडावू नकोस, तुझ्या प्रश्नांना ते घाबरूनच असतात.

आईच्या पायांना माझा हात लाव. लोभ कमी करू नये.

तुझा लान्दो

लुका, २२ ऑगस्ट

चि. लान्दोस आशीर्वाद.

आई गेल्या मंगळवारी पहाटे गेली. तुझा हात तिच्या पायांना लावला होता.

पहिली प्रार्थना फादर उगोलिनोंनी केली, जरा लांबवलीच. मग भिक्षूंनी तिला खांद्यावरून नेलं. भिंतीच्या दाराशी बोनाकोर्सोंनी विचारलं, पलीकडे ना? तुझं पत्र माझ्याजवळ होतं. मी म्हटलं, नको, इथंच. शेजारच्या नुतामावशी कुजबुजल्या, अगं, भाऊ गळा धरेल. मी म्हटलं, धरू दे, आधी येऊ तर दे.

काल प्रवचनाला गर्दी होती. नुतामावशींनी सवयीनं चटई टाकली ती आईच्याच दगडावर. दचकून उचलायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या, आणि त्यांच्याजवळ टेकले. दगड गार होता.

आलास की तुला बायकांत बसावं लागेल. रागावलास तरी ये.

तुझी तेस्सा