दोनदा कापलेली दोरी

प्रिय एसेन,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, घाईचं. दोनच गोष्टी विचारल्यास. नव्या स्टेडियमच्या उद्घाटनाला क्लबचा जुना कप्तान म्हणून तुला बोलावलंय, तर मुक्कामाला आई घरात घेईल का? आणि क्लबच्या इतिहासावर चार शब्द बोलायचे आहेत, तर आपाला, म्हणजे तुझ्या या थोरल्या बहिणीला, जुनं काही आठवतं का? पहिल्याचं उत्तर शेवटी देते. आधी इतिहास घे. चहा करून बस, वेळ लागेल.

भाषणाची सुरुवात बाबांपासून कर, लोकांना आवडेल. शिशाच्या कारखान्यातले अकरा जण पाळी सुटली की भट्टीच्या राखेवर खेळायचे. चेंडू पहिल्या अर्ध्या तासात करडा होई आणि गोलात उभे असलेले बाबा त्याहून करडे. क्लबचं नाव ठेवलं कोर्गासिन. शिसं वितळवणाऱ्यांच्या संघाला शिसं सोडून दुसरं काय म्हणणार, असं बाबा म्हणायचे. ते खोकत खोकत गेले, पण मैदानावर हिरवळ लावून गेले. ती हिरवळ राखायला लंगडा याकोब होता, तोच जर्मन, ज्याचा पाय भट्टीत गेला होता. आपण त्याची नक्कल करत चालायचो आणि आई आपल्या कानाखाली वाजवायची. हे भाषणात घेऊ नकोस.

मग जुनं राज्य मोडलं, देश आपला झाला, कारखाना कोणाचाच राहिला नाही, आणि गंमत बघ, नेमका तेव्हाच क्लब व्यावसायिक झाला. पगार म्हणून कधी साखरेचं पोतं, कधी कोळसा. वरच्या लीगमध्ये गेलात तेव्हा प्रत्येकाला एक मेंढी मिळाली, आणि तू आपली मेंढी खांद्यावर टाकून सबंध गावातून मिरवलास. कारट्या, काय दिसत होतास! मी बेकरीची रांग सोडून तुझ्यामागे धावले होते. घरात वीज नव्हती, नळाला पाणी नव्हतं, पण कारातास गावाचं नाव रेडिओवर लागत होतं. तेवढ्यावर लोकांनी दोन हिवाळे काढले.

त्याच दिवसांत दोऱ्यांचं सुरू झालं. पोर पहिलं पाऊल टाकू लागलं की त्याचे पाय काळ्या-पांढऱ्या दोरीनं बांधायचे आणि कोणा चांगल्या माणसाच्या हातून ती कापून घ्यायची, म्हणजे पोर त्याच्या पावलांवर चालतं. गावातल्या प्रत्येक बाईला कापणारा तूच हवा होतास. सराव संपला की आया दारातच उभ्या, कडेवर पोरं, हातात सुऱ्या. तू एका गुडघ्यावर बसून सर्रकन दोरी कापायचास, पोराचं बोट धरून त्याला चार पावलं पळवायचास, आणि वर मिठाई उधळली जायची. माझ्या अल्दियारची दोरीही तूच कापलीस. "मामासारखा चालशील रे," मी म्हणाले होते. मी!

आता तो सामना. भाषणात तू तो गाळशील, म्हणून इथं लिहिते. वरच्या लीगमधल्या बाराव्या वर्षाचा शेवटचा सामना होता, शहराच्या संघाशी, लीगमध्ये राहायला बरोबरी पुरेशी होती, आणि शून्य-शून्य असताना संपत आला होता. आपल्याच गोलासमोर उंच चेंडू आला. त्यात काही दम नव्हता, गोलकीपर दोन्ही हात पुढे करून उभाच होता. तू मध्ये उडी मारलीस आणि चेंडूला हात लावलास. पेनल्टी, गोल, शिट्टी. "आपोआप वर गेला हात," तू घरी येऊन म्हणालास. आईनं विश्वास ठेवला. सबंध हिवाळा ती पाणवठ्यावर तुझ्यासाठी बायकांशी भांडली. वसंत ऋतू आला आणि तू त्याच शहरातल्या, त्याच संघाच्या जर्सीत वर्तमानपत्रात दिसलास. फ्लॅट मिळाला, जपानी गाडी मिळाली. आईनं तो फोटो पाहिला, पेपराची घडी घातली आणि कणीक मळायला बसली. त्यानंतर ती पाणवठ्यावर कोणाशी भांडली नाही.

नौरीझला, नव्या वर्षाच्या सणाला, काय झालं हे तुला कोणी सांगितलं नसेल, कारण तोवर तू गेला होतास. ज्यांच्या दोऱ्या तू कापल्या होत्यास ती सगळी पोरं आयांनी मैदानावर पुन्हा आणली. कोणी सहा वर्षांचा, कोणी आठ वर्षांचा. एकाच्या ओठावर मिसरूडसुद्धा फुटू लागलं होतं, तो हुंदके देत रडत होता. घोड्याएवढ्या पोरांचे पाय बांधून त्यांना हिरवळीवर रांगेत उभं केलं. आणि कापायला कोणाला बोलावलं? याकोबला. तो बिचारा हात जोडत होता, "बायांनो, शुद्धीवर या, माझ्याकडं बघा तरी, पोरं लंगडी होतील!" तेव्हा शेजारची उल्मेकेन सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "लंगडी झाली तरी चालतील. विकली नाही गेली म्हणजे मिळवली." सगळं मैदान हसलं. मीही अल्दियारला धरून त्या रांगेत होते आणि मीही हसले.

दोऱ्या कोणी वळल्या होत्या, विचार. आईनं. आठवडाभर ती खिडकीशी बसून काळी लोकर आणि पांढरी लोकर एकत्र पिळत होती. कोणी आलं की एक दोरी हातात ठेवायची. "बाल्झान, तू कशाला हे करतेस?" उल्मेकेनसुद्धा ओशाळली. आई म्हणाली, "दुसऱ्याच्या दोरीला माझ्याएवढा पीळ येणार नाही."

पुढचा इतिहास थोडका आहे. क्लब खालच्या लीगमध्ये गेला, तिथून आणखी खाली, मग नाव विकलं, मग बाकडी विकली. मैदानावर जुन्या कपड्यांचा बाजार भरू लागला. आता कोणा बड्या माणसाला हौस आली आहे, नाव परत विकत घेतलं, खेळाडू परदेशातून आणले, आणि हिरवळ प्लास्टिकची. कप्तान म्हणून तुला बोलावण्याइतके ते लोक इथं नवे आहेत. गाव मात्र जुनंच आहे. बेकरीत अजून कोणाचं पीठ सांडलं की म्हणतात, "आपोआप वर गेला का गं हात?" आणि माझ्याकडे बघतात. तू शहरात पाहुण्यांच्या मानाचं मटण खात होतास, एसेन, आणि तुझ्या नावाचं शेण मी खात होते. याकोबनं कापलेल्यांपैकी एकही पोरगा लंगडा निघाला नाही, हेही लिहून ठेवते. अल्दियार बस चालवतो, सरळ चालतो.

आता आईचं. गेल्या हिवाळ्यात तिनं पुन्हा लोकर काढली. मी विचारलं, कोणाच्या पोराला? म्हणाली, "माझ्याच." मी हसत सुटले. पन्नाशी उलटलेल्या घोड्याचे पाय बांधणार, म्हातारे? तर मला गप्प करून म्हणाली, "त्याची पहिली दोरी कोणी कापली होती, आठवतं? कारखान्याच्या बड्या साहेबानं. याकोबही होता तिथं, तुझे बाबाही होते. पण मला माझ्या पोराच्या नशिबात खुर्ची हवी होती, गाडी हवी होती. मीच साहेबापुढं पदर पसरला. मग पोर चाललं त्याच्या पावलांवर, तर पोराची काय चूक?" दोरी तिनं पुरी केली. चहाच्या डब्यात ठेवली. तू येशील तेव्हा उंबऱ्यावर बसवून आपल्या हातानं बांधणार आणि आपल्याच हातानं कापणार होती. दारात गाडी वाजली की डब्याकडे बघायची. बिछान्याला खिळल्यावर मला म्हणाली, "एसेनला फोन कर गं." मी म्हटलं, करते.

म्हणजे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे, की आईनं तुला घरात घेतलं असतं. अशी बातमी आपल्याकडे पत्रानं कळवत नाहीत, तुला ठाऊक आहे. चार म्हातारे घरी जातात, माणसाला मध्ये बसवतात, खांद्याला खांदा लावून धरतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि मग सांगतात. इकडचं तिकडचं माझं बोलून झालं. म्हातारे मी पाठवलेले नाहीत. तुझं पत्र आलं तेव्हा तिच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवणसुद्धा उरकलं होतं. आणि फोन मी केलाच नव्हता. तू उचलला असतास, आला असतास, आणि तिनं तुला माफ केलं असतं. ते मला बघवलं नसतं. तिला सांगितलं, निघालाय, वाटेत आहे. ती दाराकडे तोंड करून गेली. दोरी या पाकिटात घातली आहे, पीळ बघ कसा घट्ट आहे. बांधता तुझी तुला येईल. कापायला कोणी मिळतं का बघ.

उद्घाटनाला जरूर ये. घराला मी कुलूप लावलं आहे.

नाइलाजानं का होईना, तुझीच,
कुल्झिपा आपा