लांब बाह्यांचं पोलकं

आये, तुझं ते लांब बाह्यांचं पोलकं मला कधीच खरं वाटलं नाही. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालताना सगळ्या बायकांचे हात दंडापर्यंत उघडे, आणि तू भर उन्हात मनगटापर्यंत झाकलेली. विचारलं की म्हणायचीस, "खाऱ्या पान्यानं हात उलतात माजे." बाकीच्यांच्या वाटचं पाणी काय गोडं होतं? दर रविवारी मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल घालायचीस, तेही मला खटकायचं. तुझी बोटं केसांत कमी आणि कानांमागं, मानेवर जास्त फिरायची. "काय शोधतेस गं?" "उवा. गप ऱ्हा." इतका वेळ उवा शोधणारी आई मी दुसरी पाहिली नाही, आणि तुला सापडली तर एकही नव्हती.

आणीबाणीच्या सुमारास मी बोईसरला औषधाच्या कंपनीत लागले. गोळ्या पाकिटांत भरायचं काम. आपल्या घरात पगार आणणारी पहिली मुलगी मी, केवढा तोरा होता मला! पुढे एकदा घसा सुजून ताप आला, आणि तो उतरतो न उतरतो तोच कोपरांवर लाल चट्टे उठले. वर पांढरा पापुद्रा, मासळीच्या खवल्यांसारखा सुटणारा. एरवी बोटात काटा मोडला तरी आळी गोळा करणारी तू, तेव्हा एक अक्षर बोलली नाहीस. माझा संशय तिथेच पक्का झाला.

पालघरच्या डॉक्टरांसमोर आपण दोघी बसलोय. ते म्हणताहेत, "हा सोरायसिस. लागट नाही, कंपनीमुळेही नाही. याचा कल आईबापांकडून रक्तातून उतरतो. एखाद्याच्या अंगावर तो जन्मभर दिसत नाही, एखाद्याला घसा सुजायचं निमित्त पुरतं. घरात कुणाला आहे?" आणि तू बाही खाली ओढत म्हणतेस, "नाय डॉक्टर. आमच्यात कोनालाच नाय. कंपनीतल्या भुकटीचंच हाय ते." डॉक्टरांनी तुझ्या बाहीकडे पाहिलं. मीही पाहिलं. घरी पोचायच्या आधीच तू बाजारातल्या मासेवाल्यांना सांगून मोकळी झालीस, "पोरीला कंपनीचं दुखनं लागलं. आता नाय जानार ती." माझी नोकरी गेली, चट्टे राहिले. पुढे उमरोळीचं स्थळ आलं, त्यांनीही तेच ऐकलं होतं. नोकरी सुटली, आता बरी होईल, असं म्हणत त्यांनी मला पसंत केलं. मांडवात मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतका राग होता.

तू गेलीस तेव्हा शेवटची आंघोळ घालताना ते पोलकं मीच काढलं. दोन्ही कोपरं हुबेहूब माझी. मी रडले ती आधी रागानंच. डोळे पुसल्यावर कळलं की कंपनीचं दुखणं नोकरीबरोबर संपतं, रक्तातलं दुखणं मात्र पोरीच्या सोयरिकीत आडवं येतं. माझं लग्न व्हावं म्हणून तू माझी नोकरी घालवलीस. की फक्त स्वतःचं झाकलंस? आजही तुझा मला पुरता भरवसा नाही, आये, आणि तुला विचारायचं ते राहून गेलं याचं फार वाईट वाटतं.

हे तुला पोचणार नाही, म्हणूनच सांगते. काल माझ्या लेकीला बघायला पाहुणे आले होते. तिच्या अंगावर अजून काही नाही. दर रविवारी तेल घालताना मी कानांमागं बघते, आणि तिने विचारलं की उवा शोधते म्हणून सांगते. चहाचा ट्रे पुढे करताना माझा पदर सरकला. मुलाच्या आईने माझ्या कोपराकडे बघत विचारलं, "हे काय हो?" डॉक्टरांचं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे. मी हसून म्हटलं, "लग्नाआधी कंपनीत होते ना मी, तिथलं आहे ते." आणि आये, कोपरापर्यंतही न पोचणारी बाही खाली ओढायला माझा हात गेला.