माझ्या डोक्याच्या मापाचे हेल्मेट

प्रिय दादा,

शिरसाष्टांग नमस्कार. वडील बंधूंस लिहिताना हा शब्द परंपरेने येतोच. परंतु त्यातील 'शिर' हाच आजच्या पत्राचा विषय असल्यामुळे या वेळी तो केवळ उपचार म्हणून लिहिलेला नाही, याची नोंद घ्यावी.

पत्रास कारण की, तुझ्या दहाव्याला कावळ्यासमोर दिलेला शब्द मी उद्या सकाळी सहा वाजता मोडणार आहे. उघडपणे, सहकुटुंब आणि पूर्ण शुद्धीत! चोरून मोडायचा असता तर पत्राची आवश्यकता नव्हती. पण तू थोरला; तुला पूर्वसूचना न देता तुझा अवमान करणे मला प्रशस्त वाटेना.

तुझी कन्या महाडच्या एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीस लागली आहे. तिचे अपराजिता हे नाव मी ठेवले आणि तू तिला आयुष्यभर 'अपे' म्हणालास, हे दुःख मी अद्याप गिळलेले नाही. उपाशीपोटी रक्त द्यायला माणसे सातलाच येऊन बसतात, म्हणून तिलाही सातला हजर राहावे लागते. आपल्या वाडीच्या फाट्यावर पहिली एसटी साडेआठला येते. येते, असे मानण्याची पद्धत आहे. तुझी काळी मोटारसायकल गोठ्यात ताडपत्रीखाली उभी आहे. प्रश्न इतका सोपा. उत्तर मात्र एका कावळ्याच्या ताब्यात!

तो दहावा तुला वरून दिसला असेल तर उत्तम. नसेल तर साक्षीदार म्हणून निवेदन करतो. सावित्रीच्या काठी पिंड मांडले होते. कावळे करंजाच्या झाडावर बसून होते आणि खाली उतरत नव्हते. तासभर सगळी भावकी तुझ्या इच्छांचे संशोधन करीत होती. "पोरीचं लगीन थाटात करू." नाही. "शेत पडीक ठेवनार नाय." नाही. वहिनीने पुढे येऊन हात जोडले, "माझी काळजी करू नका" म्हणाली. तरी नाही!

शेवटी भाऊकाका, म्हणजे आपले एकमेव हयात चुलते आणि भावकीचे स्वयंनियुक्त सर्वोच्च न्यायालय, पुढे सरसावले आणि गरजले, "ह्या घरात आता कोन मोटारसायकलीला हात लावनार नाय! जा बाबा, सुखानं जा!"

आणि कावळा शिवला.

सर्वांनी डोळे पुसले. मीही पुसले. परंतु पुसण्यापूर्वी जे पाहिले, ते सांगतो. पिंडांमागच्या दगडाच्या सावलीत एक तांबडा कुत्रा झोपला होता. काकांच्या गर्जनेने तो दचकून उठला आणि नदीकडे निघून गेला. मग कावळा उतरला. आता तूच सांग, तो तू होतास, की कुत्र्याला भिणारा एक सामान्य कावळा होता?

माझा निर्णय मी दिला आहे. कापणी झालेल्या शेतात ज्याने स्वतःच्या मुलीला मोटारसायकल शिकवली, ती बांधावर आपटून चिखलात बसली तेव्हा "उठ गो अपे, गाडीला काय नाय झाला!" असे म्हणून ज्याने प्रथम गाडी उचलली, तो मेल्यावर कावळा होऊन येईल आणि गाडी बंद करा म्हणेल? अशक्य! काकांनी तुला ओळखलेच नाही. मी ओळखत होतो. पण मी जे केले, ते काकांहून वाईट.

ते आता लिहितो. इतके दिवस विनोदाच्या आडोशाने टाळले.

महामार्गावर हेल्मेटची तपासणी कडक झाली, तेव्हा आपल्या घरासाठी हेल्मेट आणण्याचे कार्य माझ्याकडे आले. घराला जशी एक बॅटरी, एक मोठी छत्री, तसे एक हेल्मेट! रस्त्याकडेच्या ढिगातून मी ते निवडले, माझ्या डोक्यावर घालून पाहिले आणि आणले. तर्क असा की, घरात सर्वांत मोठे डोके माझे. मला झाले की सर्वांना होईलच. आपल्याकडे शाळेचा सदरा वाढत्या अंगाचा घेतात, त्यातलाच हा प्रकार. परंतु पन्नाशी उलटलेल्या शेतकऱ्याचे डोके कुठे वाढणार होते रे?

पहिल्या दिवशी ते घालून तू पडवीत आलास आणि म्हणालास, "पंडता, ह्यात माझा डोका घालून वर पायलीभर भात मावंल!"

मी तत्काळ उत्तरलो, "रिकामी जागा विचारांसाठी राखीव आहे."

सगळे हसले. तूही हसलास. मग टॉवेलाची घडी करून तू आत कोंबलीस आणि त्या दिवसापासून माझे हेल्मेट वाहू लागलास. तू डावीकडे पाहिलेस की ते मात्र समोरच पाहत राही. वजनाला वरवंटा! वर कपाळावर छज्जा. त्यात वारा शिरला की डोके मागे खेचले जाई आणि मान दिवसभर त्या वाऱ्याशी झोंबत राही. संध्याकाळी वहिनी निर्गुडीचा पाला गरम करून तुझी मान शेकायची.

"मानेला लय ताण येतो रे," तू म्हणायचास.

"यास मन्यास्तंभ म्हणतात," मी सांगायचो. रोगाचे संस्कृत नाव उच्चारले की तो निम्मा बरा होतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

तू रागावला का नाहीस? ते हेल्मेट माझ्या पायावर का आपटले नाहीस? तुझ्या मापाचे दुसरे का आणले नाहीस? कारण मला ठाऊक आहे. घरात एक असताना दुसरे आणणे म्हणजे पहिल्याचा अपमान, आणि ते पहिले मी आणलेले! धाकट्याचे मन मोडू नये म्हणून तू मान मोडून घेत होतास. दादा, हा मूर्खपणा होता. थोरल्यांना असे स्पष्ट सांगण्याची रीत नाही, तरीही सांगतो. आणि हा माझ्या मूर्खपणाहून लहान होता, हेही लगेच सांगतो.

गतवर्षी आंब्याची कलमे पाहून तू खेडहून परतत होतास. कशेडी घाटाच्या माथ्यावर चहाला थांबलास. टपरीवाल्याने नंतर मला सांगितले, "मान चोळत होते. म्हनाले, आता उतारच हाय. नि हेल्मेट आरशाला अडकवलान." पुढच्या वळणावर दरडीची ओली माती रस्त्यावर आली होती. तुझा वेग बैलगाडीचा. गाडी घसरली, तू कडेला पडलास. हातापायांना खरचटले, तेवढेच. डोके मात्र दगडावर.

हेल्मेट आरशालाच होते. त्याला एक ओरखडा नव्हता. टॉवेलाची घडी जशीच्या तशी आत.

त्या दिवसापासून जो भेटतो तो म्हणतो, "येळ आली व्हती." तुझ्या चितेपाशी म्हणाले, तेराव्याला म्हणाले, आजही बाजारात अडवून म्हणतात. नाही! वेळ आली नव्हती, माप चुकले होते. भावकी मोठ्या मायेने माझ्या हाती दैवाची ढाल देते, म्हणजे माझ्याकडे कोणी बोट दाखवू नये. ती ढाल मी नाकारली आहे. माझी चूक ती माझी. ती मी ना ग्रहांना देणार, ना कावळ्याला!

म्हणून गेल्या आठवड्यात अपराजितेला घेऊन महाडच्या बाजारपेठेत गेलो. हेल्मेटच्या दुकानाची मालकीण माझी माजी विद्यार्थिनी. संस्कृतात तिला मी एकदा अनुत्तीर्ण केले होते, आणि हे तिच्या स्मरणात होते.

मी एका भव्य, मुकुटसदृश शिरस्त्राणाकडे अंगुलिनिर्देश केला. "हे दाखव. दोघांना चालेल."

"दोघांना, सर? मग दोघांनी एकदम घालणार का?" तिने शिवणकामाची टेप काढली. "डोकी पुढे करा. एकेक करून."

भुवयांच्या बोटभर वरून, मागच्या फुगवट्यावरून तिने टेप फिरवली. अपराजिता पंचावन्न सेंटिमीटर. मी एकसष्ट. "डोकं मोठं आहे सर," ती म्हणाली, "मान मात्र चारचौघांसारखीच आहे. ते मुकुटाचं वजन तिलाच उचलायचंय."

मग तिने आम्हाला जे शिकवले, ते मी माझ्या सबंध अध्यापनात कोणाला इतके स्वच्छ शिकवलेले नाही. प्रथम हातात घेऊन हलके कोणते ते पाहायचे. छज्जेवाले बाजूला ठेवायचे. घालून पट्टा आवळायचा आणि मान हलवायची. डोके वळले की हेल्मेटही वळले पाहिजे, गालांची कातडी त्याच्यासोबत सरकली पाहिजे. मागून वर ढकलून पाहायचे, निसटते का. "आणि आता वीस मिनिटं घालून बसा."

"इथे?" मी विचारले.

"इथेच. दोन मिनिटांत सगळीच छान वाटतात. कपाळावर एका जागी दुखायला लागलं किंवा मान भरून आली, तर ते तुमचं नाही."

बाजाराच्या ऐन वेळी, रस्त्याकडे तोंड करून, दोन स्टुलांवर आम्ही काका-पुतणी शिरस्त्राणे धारण करून बसलो! एक पालक नमस्कार करून गेले. कोणाला केला हे त्यांना कळले नसावे.

"काका, तुमी यानातून उतरल्यासारखे दिसता," शेजारच्या हेल्मेटमधून आवाज आला.

"मौन! परीक्षण चालू आहे."

तिचे पहिले कपाळावर रुतले. ते परत केले. दुसरे मापाला बसले. माझेही दुसऱ्यातच निभावले. निघताना मालकिणीने मला काठावर उत्तीर्ण केले.

घरी आलो तो पडवीत न्यायालय बसलेले.

"शब्द दिलाय रे आपन," भाऊकाका म्हणाले. "मेल्या मानसाला दिलाय."

"काका, शब्द तुम्ही दिलात. त्याने मागितला नव्हता."

"मग कावला कसा शिवला?"

मी कुत्र्याची हकीकत सांगितली.

"कुत्रा! संस्कृत शिकवून शिकवून तुझी होती ती पन अक्कल गेली." काका उठून उभे राहिले. मग त्यांचा आवाज एकाएकी खाली आला. "नि पोर पडली म्हंजे? त्याला उचलून दवाखान्याच्या गाडीत घातला तवा ह्या हातांनी घातला मी. परत घालू?"

दादा, हेल्मेट घातल्याने दरड थांबत नाही, हे मलाही कळते. त्या म्हाताऱ्याने कावळ्याला शब्द दिला तो तुझ्यासाठी नव्हताच. त्याला पुन्हा तसे उचलायचे नव्हते. इतके साधे. वर्षभर मी त्याची टवाळी करीत होतो.

तेव्हा वहिनी आतून आली. वर्षभरात ती या विषयावर अवाक्षर बोललेली नव्हती. तिच्या हातात तुझी पांढरी टोपी होती, ट्रंकेतली, इस्त्रीची घडी न मोडलेली.

"भावोजी, ती टेप आनलीव ना? मापा."

टेप आणली होती. दुकानातून मागूनच घेतली होती. टोपी उघडून मी आतल्या काठावरून टेप फिरवली. पंचावन्न.

वहिनीने अपराजितेच्या डोक्यावर हात ठेवला. "बापाचाच डोका हाय हिचा," ती म्हणाली. "ह्यांना पन कुनी मापून आनला असता तर..." मग काकांकडे वळली. "मामंजी, पोर जाईल."

काका काठी घेऊन पायऱ्या उतरले. अंगणाच्या कडेला पाठमोरेच थांबून म्हणाले, "हलू चालव म्हनावा."

अशा रीतीने तुझ्या डोक्याचे माप मला तू गेल्यावर वर्षाने कळले. पंचावन्न. एकसष्टातून पंचावन्न वजा केले की काय उरते, हे मी वहिनीसमोर बोललो नाही. त्या फटीत मी टॉवेल भरू दिला आणि वर विनोद केला.

ते घरचे हेल्मेट अजून गोठ्यातील खुंटीला आहे. वहिनीची तांबडी कोंबडी त्यात अंडी घालते. टॉवेल आम्ही काढलेला नाही. तिला ते अगदी मापाचे होते.

उद्या सहाला अपराजिता गाडी बाहेर काढील. परवाना तिच्या पर्समध्ये आहे. पहिला आठवडा मी मागे बसणार. माझी शाळा अकराची असली तरी विद्येच्या मंदिरात लवकर जाण्यास मज्जाव नाही. मुख्याध्यापकांना कारण विचारावयाचे असेल तर विचारोत.

आता माझा शब्द ऐक. काकांनी कावळ्याला दिला होता; मी थेट तुला देतो. या घरात यापुढे कोणाचेही डोके दुसऱ्याच्या मापात घातले जाणार नाही. कोणी म्हणाले मान दुखते, तर मी संस्कृत सांगणार नाही, टेप आणीन. आणि 'आता उतारच आहे' म्हणून कोणी पट्टा सोडणार नाही; घरचे अंगण येईपर्यंत नाही.

इतक्यावरही तो कावळा खरोखर तूच असशील आणि तुझी हरकत असेल, तर उद्या फाट्यावर रस्त्यात येऊन बैस. आम्ही हॉर्न वाजवू. थांबायचे नाही, असे मी तिला बजावले आहे.

तुझा धाकटा,
एकसष्ट सेंटिमीटरचा
पंडत्या