कमकुवत काळजाच्यांनी पाहू नये

३ मार्च, सकाळी
बावीस वर्षं लग्नांचं शूटिंग केलं. बस्स झालं. आजपासून माहितीपट. धक्कादायक. माणसातलं जनावर उघडं पाडणार. नाव: ‘रक्ताची तहान’. बायकोने आजवर माझी एकही फिल्म शेवटपर्यंत पाहिलेली नाही, दहाव्या मिनिटाला घोरते. ही पाहील. ह्यातही झोपली तर कॅमेरा विकून टाकीन. लिहून ठेवतो, म्हणजे पळवाट नको.

५ मार्च
पोस्टर तयार. ‘कमकुवत काळजाच्यांनी पाहू नये.’ फिल्मचा पत्ता नाही, पण पोस्टर जोरदार. बायको म्हणाली, माझं बोट कापलं तरी तुम्ही भिंतीकडे तोंड करता. ती जुनी गोष्ट झाली. मागच्या महिन्यातली.

९ मार्च
चौकात तीन तास कॅमेरा लावून उभा. एक सायकलवाला पडला. लोकांनी उचललं, धूळ झटकली. तो आभार मानून गेला. अशा गावात कलावंताने करायचं काय?

१२ मार्च
ह्या धंद्यात निम्मं रचूनच घेतात, मग मीच काय घोडं मारलंय? मेहुण्याला नरभक्षक केला. तो विम्याचा एजंट. चष्मा काढायला तयार नाही, म्हणे दिसत नाही. असू दे. सुशिक्षित नरभक्षक जास्त भयंकर. रक्त म्हणून बिटाचा रस आणला होता, तो त्याने टेकच्या आधीच पिऊन टाकला.

१६ मार्च
आता खरं रक्त. कत्तलखान्याची रीतसर परवानगी काढली. तीच चूक. सगळे खाटीक इस्त्रीचे शर्ट घालून ओळीत उभे. फरशी फिनेलने धुतलेली. मीही सवयीने सांगून बसलो की जरा जवळ सरका, हनुवटी वर, हसा. फोटो चांगला आला.

१९ मार्च
न कळवता पुन्हा गेलो. खजिना मिळाला. थोडा वेळ कॅमेरा मेहुण्याने धरला, कारण मला जरा आडवं व्हावं लागलं. ऊन लागलं असणार. तिथे छप्पर आहे, हे त्याने बायकोला सांगायची काही गरज नव्हती.

२५ मार्च
एडिटिंग मेहुण्यावर सोपवलं. लाल काही दिसलं की मला चहा टाकायची आठवण होते. निव्वळ योगायोग. निवेदन मात्र मीच केलं. डोळे मिटून. आवाज खोल लागतो.

२ एप्रिल, दुपारी
आज संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये खेळ. चाळीस खुर्च्या. दाराशी कंपाउंडर बसवलाय, कांदे घेऊन. प्रेक्षक पटापट बेशुद्ध पडणार. बायको पहिल्या रांगेत. तिच्या शेजारी मी. आता माघार नाही.

३ एप्रिल
डोक्याला टेंगूळ. अंगाला कांद्याचा वास. एकच कांदा लागला.
बाकीचं मेहुण्याने सांगितलं. कत्तलखान्यात मी पडलो तेव्हा पठ्ठ्याने कॅमेरा बंद केलाच नव्हता. तो शॉट स्लो मोशनमध्ये घातला, माझीच लग्नांसाठीची बदामाची चौकट लावून. वरून माझा आवाज: ‘हे दृश्य पाहायला वाघाचं काळीज लागतं.’ बायको हसून हसून रडली. डुलकीसुद्धा नाही. तेवढा भाग तिने तीनदा लावायला लावला. आईला दाखवायला कॉपी हवी म्हणते.
म्हणजे मी जिंकलो. एकोणचाळीस माणसं शेवटपर्यंत जागी होती. कॅमेरा विकणार नाही, कोणी काही म्हणो.
फिल्म शेवटपर्यंत न पाहिलेला आता मी एकटाच.