बिमकरणीचा फोटो

आई, बिमकरीण तुला आठवते का, असं मी विचारणार नाही. तू जिथे असशील तिथेही ती तुला माझ्याआधी आठवत असणार, हे मला ठाऊक आहे. हे मी चिडून लिहीत नाही. चिडायचं वय गेलं, आणि तुला जाऊन तर वीस वर्षं होऊन गेली. पण ती आपल्याकडे यायची तेव्हा मी खरंच चिडायचे आणि त्या चिडण्यातूनच पुढचं सगळं झालं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आखातात, बुसैतीनला घरमालकाच्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत आपण राहत होतो. सौदीला जाणारा पूल तेव्हा अजून बांधून व्हायचा होता. बाबा कंपनीची पिकअप चालवायचे, तू घरी शिवणकाम करायचीस आणि मी दहावीला होते. घरमालकाकडे कामाला आलेली ती मुलगी फार तर बावीस वर्षांची असेल. बंगल्यात तिला सगळे इंडोनेशियाची म्हणत. तू पहिल्याच आठवड्यात तिच्याकडून गावाचं नाव काढून घेतलंस. सुंबावा नावाच्या बेटाच्या अगदी पूर्वेला बिमा म्हणून मुलूख आहे, तिथली ती. मग मालवणची मालवणकरीण तशी बिम्याची ही बिमकरीण, असं बारसं तूच केलंस. दुपारी बंगला झोपला की ती मागच्या दाराने यायची आणि तुझ्या मशीनशेजारी जमिनीवर बसायची. तिचं हिंदी मोडकं, तुझं अरबी त्याहून मोडकं, पण तुमच्या गप्पा काही अडल्या नाहीत. तिच्याकडे घरं खांबांवर उभी असतात आणि बाया घराखालच्या सावलीत माग कमरेला बांधून विणायला बसतात. भाताची कोठारं गवताच्या उंच टोप्या घातल्यासारखी, वस्तीपासून दूर, म्हणजे घराला आग लागली तरी धान्य वाचतं. मुलीला विणता येईपर्यंत तिच्या लग्नाचं कुणी बोलत नाही. नमाज कधी न चुकवणारी ती मुलगी एकदा इकडेतिकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाली की गावच्या झऱ्यापाशी कुणीतरी राहतो आणि त्याला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही. तू मशीन थांबवलीस. "आमच्याकडे देवचार आसता, तसोच तो," म्हणालीस, आणि त्या दिवसापासून ती तुला परकी राहिलीच नाही.

मला मात्र राग यायचा. त्या मशीनला मला हात लावायची बंदी होती, सुई मोडेल म्हणून. तिला तू पहिल्या महिन्यातच पायडलवर बसवलंस. एकदा तिला चहा नेऊन द्यायला मी तोंड वाकडं केलं, तर तिच्यासमोर म्हणालीस, "परक्या मुलखात एकटा चेडू ता, आणि तुका तेका एक कोप चाय देवक जड जाता?" तिला मराठी समजत नव्हतं, पण बोलणी कुणाला बसतायत ते तिला कळलं आणि तिने मान खाली घातली. त्यामुळे मला आणखीच राग आला.

मग फोटोचं निघालं. तिचं लग्न गावीच ठरलेलं होतं, करार संपवून परत गेली की व्हायचं होतं. मुलाच्या म्हाताऱ्या आजीला तिला बघायचं होतं, तर एक फोटो पाठव असा घरून निरोप आला. फोटो काढायच्या आदल्या दिवशी मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तेव्हा ती तिची दोन लुगडी घेऊन मला दाखवायला आली. लुगडी म्हणजे दोन्ही टोकं जोडून गोल शिवलेली, तिच्या आईने विणलेली चौकटीची सुती वस्त्रं. एक कमरेला. दुसरं डोक्यावरून घेऊन तिने असं काही गुंडाळलं की फक्त डोळे उरले. "शादी मफी, बस आँख," ती म्हणाली, म्हणजे लग्न झालेलं नसेल तर फक्त डोळे. मग कापड हनुवटीखाली ओढून सगळा चेहरा मोकळा केला. "शादी खलास, मुँह खुला." मला गंमत वाटली. आपल्याकडे पोरी मोकळ्या डोक्याने हिंडतात आणि लग्न झालं की पदर येतो, त्यांच्याकडे नेमकं उलटं. मी तिला दोनदा करून दाखवायला लावलं. म्हणजे मला नीट कळलं होतं, आई. अर्धवट नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. जवळच्या मुहर्रकच्या बाजारातल्या त्या स्टुडिओत मागे धबधब्याचा पडदा, समोर स्टूल. ती फक्त डोळे ठेवून बसते आणि तू पुढे होऊन म्हणतेस, "फोटोत तोंडच दिसला नाय तर तो फोटो कोणाचो?" आणि सुनेला मुलाकडच्यांपुढे न्यावं तसं, हौसेने, तिचं वस्त्र चेहऱ्यावरून मागे सारून पदरासारखं बसवतेस. थोडे केसही दिसू देतेस. मोठ्या बाईचा हात बाजूला करणं तिच्या रीतीत नाही. ती माझ्याकडे बघते. माझं अरबी तुझ्यापेक्षा चांगलं, हिंदीही चांगलं, एक वाक्य बोलायचं होतं. मी धबधब्याकडे बघत राहिले. एकदा तरी तुझं चुकू दे, असं मला वाटलं होतं. एवढंच. तिचं काय होईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. प्रिंट बाबांनीच आणली आणि परस्पर पाकिटात घालून पोस्टात टाकली.

दोन महिन्यांनी तिच्या वडिलांचं पत्र आलं. मुलाकडचे विचारतायत, तिथे कुणाशी लग्न केलंस? पत्र हातात घेऊन ती आपल्या दारात उभी राहिली आणि स्वतःचा चेहरा झाकून, उघडून, झाकून तिने तुला ती रीत समजावली. तुला कळायला वेळ लागला नाही. "माझ्या हातान घडला ह्या," तू म्हणालीस. ती रडत होती, पण तुझे हात धरून ती एकच म्हणत राहिली, "कलेम्बो आदे, कलेम्बो आदे." मन मोठं कर, असा त्याचा अर्थ. चुकलं तर म्हणायचं, आणि ज्याचं चुकलं त्याचं सांत्वन करतानाही म्हणायचं. मग मान वळवून तिने ते माझ्याकडे बघूनही म्हटलं. मला सगळं माहीत होतं, हे तिला माहीत होतं. तुला मात्र तिने त्याबद्दल कधीही एक अवाक्षर सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी तू ठेवणीतलं पातळ नेसलीस आणि मला दुभाषी म्हणून घेऊन बंगल्याच्या पुढच्या दाराने आत गेलीस. चार वर्षांत त्या दाराने आपण कधी गेलो नव्हतो. मालकिणीपुढे तू हात जोडलेस आणि मी तुझं बोलणं तिच्या भाषेत सांगत गेले, "चूक माझ्या आईची आहे" हेसुद्धा, न अडखळता. मालकिणीने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग कागद मागवला. मुलगी अविवाहित आहे, माझ्या घरात माझ्या मुलींसारखी राहते, असं तिने अरबीत लिहून सही केली. गावचा इमाम ते वाचून दाखवू शकेल, असं बिमकरणीनेच सुचवलं होतं. मग पुन्हा तोच स्टुडिओ. या वेळी फक्त डोळे, आणि शेजारी साक्षीला तू, डोक्यावर पदर घेऊन, फोटोचा एरवी तुला कंटाळा असूनही. फोटोग्राफर कुरकुरला, "अम्मा, इसमें तो फेस ही नहीं आ रहा." तू म्हणालीस, "नाय आयला तरी चलात." मी ते त्याला हिंदीत सांगितलं.

करार संपल्यावर ती गेली. त्यानंतर वर्षभर पोस्टमन आला की तुझं पायडल थांबायचं. मला ते थांबणं ऐकू यायचं. शेवटी एक पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती, नुसता फोटो. खांबांवरच्या घरासमोर ती उभी, शेजारी एक हडकुळा हसरा माणूस, डोक्यावर तेच चौकटीचं वस्त्र, आणि चेहरा उघडा. चिठ्ठी लागलीच नाही. "लगीन झाला गो तेचा," तू म्हणालीस आणि डोळे पुसायला ब्लाऊजचं कापड घेतलंस, गिऱ्हाइकाचं.

मग फोटो मशीनवर उभा करून ठेवलास आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, "त्या दिवशी स्टुडिओत तेणा तुझ्याकडे बघल्यान. तुका म्हायत होता काय गो?"

मी नाही म्हणाले. तू बरं म्हणालीस, सुईत दोरा ओवलास आणि पहिल्यांदाच मला म्हणालीस की ये, बस मशीनवर. मी बसले. तुला खरं काय ते ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही ठरवता येत नाही. ती मशीन आता माझ्याकडे आहे, फोटो तिच्या खणात आहे, आणि हा कागदही तिथेच ठेवणार आहे.

मला माहीत होतं, आई.